फ्लिक-आं-फ्लाक, मॉरिशस, मंगळवार रात्र

तिघंही झोपलीत. मी बाल्कनीत बसून लिहितोय, कारण आतला दिवा लावला की चिऊ दचकून उठते.

ती घरी येऊन साडेचार महिने झाले. समाजसेविका बाईंनी बजावलं होतं, आधी घराची सवय होऊ दे, लगेच फिरवत बसू नका. ऐकलं आम्ही. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, त्यावरून नवा जन्मदाखला, त्यावरून पासपोर्ट, एवढं होईस्तोवर दादाची, म्हणजे आमच्या मुलाची, मे महिन्याची सुट्टी आलीच. मॉरिशसच का, तर मुंबईहून थेट विमान, सहा तासांत पोचतं. बाकी काही थोर विचार नाही.

सहा वर्षांची आहे. आईला पंधरवड्यात 'आई' म्हणायला लागली, दादाला तर दुसऱ्याच दिवशी 'ए दादा'. मी अजून 'अहो सर'. संस्थेत सगळ्या तायाच. पुरुष म्हणजे डॉक्टर, नाहीतर तपासणीला येणारे साहेब. त्यांना सर म्हणायचं आणि उभं राहायचं. घरीही मी ऑफिसातून आलो की ती सोफ्यावरून उठून उभी राहायची. अजून राहते कधीकधी. बायको म्हणते, तू काही करू नकोस, नुसता आसपास राहा. पण साडेआठला घरी उगवणारा माणूस आसपास तरी किती राहणार? इथे मात्र मी सकाळच्या दात घासण्यापासून तिच्यासमोर आहे.

आज पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या, बोटी या बंदरात लागायच्या. आमचा टॅक्सीवाला मूळ मराठी, आता घरात क्रिओल, म्हणजे इथली बोली, बोलतो. मराठी शाळेत शिकलेलं, अडखळत, पण हौसेने बोलत होता. म्हणाला, आमचं आडनाव म्हणजे पणजोबांचं नाव. कारकुनाने लिहिलं तेच पुढे चाललं. चिऊने घाटाच्या पायऱ्या मोजल्या. सोळा. मग दादा तिला समजावायला लागला, की इथे उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा.

"माझा पण होता. चौदा," ती म्हणाली. "फ्रॉकवर. धुवायला टाकल्यावर कळायला."

अगदी सहज. तिला त्यात दुःखाचं काहीच वाटलं नव्हतं, आणि आम्ही तिघं उगाच गप्प झालो. दादा तेवढ्यात म्हणाला, माझा क्रिकेटच्या शर्टावर सात आहे. वाचवलं पोराने.

संध्याकाळी इथल्या किनाऱ्यावर. काठाने सुरूची झाडं, थेट कोकणातल्यासारखी. गाडीवर ढॉल पुरी घेतली: पुरणपोळीसारखी पातळ, पण आत गुळाऐवजी मीठ घातलेली डाळ, वर घेवड्याची रस्साभाजी आणि चटणी, सगळं कागदात गुंडाळून. दोन पुऱ्या मिळतात. चिऊने एक खाल्ली, दुसरी कोरडीच कागदात घडी करून फ्रॉकच्या खिशात घातली. "नंतरला." घरीसुद्धा तिच्या उशीखाली पोळी सापडते. आधी आम्ही काढून घ्यायचो. चूक होती ती. आता तिच्या पलंगाशी बिस्किटांचा डबाच ठेवलाय.

प्रवाळाची रांग लाटा दूरवरच अडवते, त्यामुळे काठाला पाणी तळ्यासारखं. तरी ती गुडघ्याच्या पुढे येईना. आई कोरड्या वाळूत, दादा लांब डुंबत होता, जवळ मीच. तिने आधी माझ्या शर्टाचं टोक धरलं, मग बोट, मग दोन्ही हातांनी मनगट. पायाखालची वाळू सरकली तशी किंचाळली,

"ए सर! सोडू नको ना!"

लांबून दादा हसला, "बाबा, ए म्हणाली तुला!" तिला कळलंच नाही काय झालं ते. तिने नखं रुतवली होती. ओरखडे अजून चुरचुरतायत.

उद्या शामारेलची सात रंगांची माती पाहायची आहे. ओला फ्रॉक बदलताना खिशातली पुरी तिने आठवणीने काढून उशाशी ठेवली. लगदा झालाय नुसता. असू दे तिथेच. मुंग्या आल्या तर सकाळी बघू.