पोरं म्हणाली, "मॅडम, येड्याचा तास आहे का?"

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड्यांच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी-सातवी माझ्याकडं. दसरा-दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते मग कोयता घेऊन कारखान्यावर जावंच लागतं. लेकरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. आणि मग सुरू होतं, मॅडम पोटात दुखतंय, मॅडम डोकं दुखतंय. गोळी दिली की दोन दिवस बरं, परत तेच.

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर शाळेतून दोन शिक्षक ट्रेनिंगला पाठवतात, जमलं तर एक बाई आणि एक सर. आमच्याकडून मी गेले कारण बाकीच्यांना जायचं नव्हतं, खरं ते सांगते. विषय 11, त्यातला एक भावनिक आणि मानसिक आरोग्य, तो आमच्या वाट्याला शेवटच्या दिवशी जेवणानंतर आला. पीपीटी, चहा, सही, झालं.

तास कुठं बसवायचा हा प्रश्नच होता, पण 2024 मध्ये शाळांसाठी सरकारचा आनंददायी शनिवार उपक्रम आला न् जागा मिळाली. पहिल्या शनिवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात "मानसिक आरोग्य" लिहिलं आणि मागून आवाज आला, येड्याचा तास आहे का. सगळा वर्ग हसला. सोमवारी एक आजी शाळेत, "मॅडम, माझ्या नातीला येड लागलंय का, तिला कामून बसवलं?" तिच्या मते बाहेरचं झालं होतं आणि धागा बांधून आणलेलाच होता. मी धाग्यावर काही बोलले नाही, वाद घातला असता तर ती परत आली नसती.

पण तिनंच बोलता बोलता सांगितलं, माय कारखान्यावर गेल्यापासून पोरीला करमंना, जीव लागंना कशात. मी घरी जाऊन ट्रेनिंगची पुस्तिका उघडली तर त्यात "भावनिक अस्वस्थता". पुढच्या शनिवारी पुस्तिका कपाटात आणि फळ्यावर नुसतं "करमंना". विचारलं, अजून काय काय होतं? पोरं सुटलीच. काळजात धस्स होतं, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, डोकं भणभण करतं, भूक मरते. एक पोरगा म्हणाला, "कोपीतून फोन कट झाला की आवंढा येतो." कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची आई-बापाची झोपडी. फळा भरला, मी पुसलाच नाही, सोमवारी गणित बाजूच्या कोपऱ्यात घेतलं.

आता माझी चूक सांगते. एका पोरानं एकट्यात काहीतरी सांगितलं आणि मी ते स्टाफरूममध्ये बोलले, चांगल्या मनानंच, पण संध्याकाळी ते पारावर पोचलं होतं. दोन आठवडे त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हापासून स्टाफरूममध्ये एक शब्द नाही. आणि पोरांना आधीच सांगून ठेवते, जिवाचं बरंवाईट करायचं कुणी बोललं तर मात्र मी गप्प बसणार नाही, घरच्यांना आणि डॉक्टरला सांगणार.

कौन्सेलर मिळवणं हा वेगळाच ताप. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते हे माहीत होतं, पत्र दिलं, ते एका ऑफिसातून दुसऱ्यात, आवक नंबर दाखवा म्हणे, तीन महिने गेले. मधल्या काळात टेलिमानसनं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइननं, निभावलं. 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पहिल्यांदा मी स्वतःच लावला, पोराशी कसं बोलू एवढंच विचारायला, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं. टीम शेवटी आली, एक दुपारभर. त्या मॅडमनी फळ्यावरचे शब्द वहीत उतरवून घेतले.

पोटदुखी बंद झाली असं नाही. पण आता पोरं "पोटात दुखतंय"च्या पुढं एक वाक्य बोलतात. यंदा जायच्या आधी आई-बापाचा नंबर आणि फोन कधी लागतो ती वेळ लिहून घेतली, कारण उसाची गाडी रात्री भरायची असली की संध्याकाळी कुणी उचलत नाही.

तांड्यावरच्या शाळेत कुणी आहे का इथं? गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, असे शब्द जमवले असतील तर सांगा, माझ्या वर्गात तांड्यावरची चार लेकरं आहेत आणि ती फळ्याकडं बघून गप्प बसतात.