तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावरची फुलं मास्कवर का बिघडतात?

‘मोबाइलवर फोटो झकास दिसतो, मग कापडी मास्कवर तेच फूल मोडकं आणि मळकट का येतं?’ सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या पठारांवर, फुलं आली की हा प्रश्न हमखास येतो. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतोच. फोटो निवडताना चुण्यांचा विचार केलेला नसतो.

तीन चुण्यांच्या मास्कला शिलाई सोडून १६ सेंटिमीटर उंचीचं कापड लागतं. प्रत्येक चुणी अडीच सेंटिमीटर गिळते. समोर उरतात साडेआठ. म्हणजे जवळजवळ निम्मा फोटो आत गेला. कळलावीचं एकच मोठं फूल मधोमध ठेवलंत तर पाकळ्या एकीकडे आणि पुंकेसर दुसरीकडे. अशा मास्कला सीतेची आसवं किंवा कवला अशा बारीक फुलांचा ताटवा घ्यावा. चुणी कुठेही पडली तरी काही हरवत नाही. चुण्यांचं तोंड खाली ठेवा, नाहीतर धूळ साचते. मोठंच फूल हवं असेल तर मधोमध शिवणीचा, दोन गालांचा मास्क शिवा आणि फूल एका गालावर, शिवणीपासून निदान दोन सेंटिमीटर लांब ठेवा. नाकावरून दुभंगलेलं फूल फार वाईट दिसतं.

कापडावर १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके, पुरतं. २० सेंटिमीटर रुंदीला साधारण १,२०० पिक्सेल झाले. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतलं कोपऱ्यातलं फूल कातरून मोठं केलंत की ते फुटणारच. मूळ फाइल मागून घ्या.

सुती कापडाचा हट्ट इथे सोडावा. सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने कागदावरून कापडात उतरणारी, शाई पॉलिएस्टरमध्येच मुरते. सुतीवर ती फिकी उठते आणि धुतली की जाते. जून २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कापडी मास्कसाठी तीन थर सुचवले होते: तोंडाकडे सुती, मधे पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड आणि बाहेर पॉलिएस्टरसारखं पाणी न शोषणारं. तेव्हा छापील थर बाहेरच राहू द्या.

हीट प्रेस (कागद-कापड तापवून दाबणारं यंत्र) १९० ते २०० अंश सेल्सिअसवर, ४५ ते ६० सेकंद. फोटो कागदावर उलटा छापायचा. तिथे रंग फिके दिसतात, घाबरू नका. आपल्याकडे खरा वैरी दमट हवा. कागद ओल धरतो, प्रेसखाली तिची वाफ होते आणि रंग फुटून डाग पडतात. कागद बंद पिशवीत ठेवा, कापड आधी पाच-दहा सेकंद कोरडंच दाबून घ्या. कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवा. तो जरा सरकला तरी पाकळीला सावली येते.

या छपाईत पांढरी शाई नसते. दीपकाडीचं पांढरं म्हणजे कापडाचंच पांढरं, त्यामुळे मोतिया कापडावर ती पिवळट दिसणार. कडक उन्हामुळे फोटोत पांढऱ्याफटक आलेल्या पाकळ्यांच्या जागी नुसतं भोक उरतं, म्हणून ढगाळ उजेडातले फोटो घ्या. (फोटोबरोबर सड्याचं नाव छापू नका, दीपकाडी कोकणातल्या सड्यांवरचीच, आणि तिथे आधीच पाय फार पडतात.) सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा हमखास गुलाबीकडे झुकतो. पूर्ण ताव काढण्याआधी तीन बोटं रुंद पट्टी छापून पाहा, मगच रंग सुधारा.

इलॅस्टिक घामाने आणि धुण्याने लवकर ढिलं पडतं; सुती नाडी टिकते. मास्क साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. पावसात दांडीवर दोन दिवस दमट राहिला तर बुरशीचा वास धरतो, म्हणून पंख्याखाली टाका. इस्त्री मंद आणि आतल्या बाजूने, मधे साधा कागद घालून. कडक फिरवलीत तर बाहेरचा रंग अस्तरात उतरतो आणि मधलं कापडही आखडतं.

चिरेखाणीत किंवा चिरा कापताना मात्र हा मास्क बांधू नका. त्या बारीक धुळीला तो पुरत नाही. तिथे चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५च हवा.