शिल्लकेच्या रकान्याची बाजू

बँकेकडून पीडीएफमध्ये आलेल्या खातेउताऱ्याचं एक्सेल करायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड पडते ती शिल्लकेच्या रकान्यावर. तारीख, तपशील, नावे (खात्यातून गेलेले) आणि जमा (खात्यात आलेले) एवढं घेतलं की हिशेब लिहायला पुरतं. कीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, शिल्लक कुणी हाताने घालत नाही, ती नोंदींमधून आपोआप निघते. मग उजव्या टोकाचं ते लोढणं कशाला वागवायचं? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तरीही मला तो पटत नाही. माझ्या लेखी त्या उताऱ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तोच रकाना आहे.

हे काम नुसतं नक्कल करण्याचं आहे, असा एक समज असतो. इथलं उचलायचं आणि तिथे ठेवायचं. पण पीडीएफ हा प्रकार १९९३ मध्ये आला, तो कुठल्याही यंत्रावर पान जसंच्या तसं दिसावं म्हणून. दिसावं, एवढंच. पडद्यावर आपल्याला जो तक्ता दिसतो तो फाइलच्या पोटात बहुतेक वेळा नसतोच. तिथे असतात निव्वळ सूचना: अमुक अक्षर पानाच्या कडेपासून इतक्या अंतरावर काढ, तमुक तितक्या. त्या अक्षरांचे रकाने आणि ओळी आपला डोळा लावतो. सॉफ्टवेअरला ते अदमासाने लावावं लागतं. मग लांबलेला तपशील खालच्या ओळीत उतरला की एका व्यवहाराचे तीन होतात आणि त्यातल्या दोघांना ना तारीख ना रक्कम. ‘मागील पानावरून पुढे’ हाही एक व्यवहार समजला जातो, आणि तोही भल्यामोठ्या रकमेचा. उतारा स्कॅन केलेला असेल तर विचारूच नका. तिथे अक्षरंसुद्धा नसतात, नुसतं चित्र असतं, आणि त्या चित्रातल्या तीनाचा आठ किंवा एकाचा सात व्हायला एखादा पुसट ठिपका पुरतो.

बरं, आकडा नीट वाचला गेला तरी तो आकडाच राहील याची हमी नाही. रकमेमागे एखादी न दिसणारी मोकळी जागा चिकटून आली, किंवा वजाचं चिन्ह आकड्याच्या मागे छापलेलं असलं, की स्प्रेडशीट त्या रकमेला मजकूर समजू शकते. खाली बेरजेचं सूत्र लावलं तर ते असा मजकूर मुकाट्याने वगळतं. लाल खूण नाही, तक्रार नाही. बेरीज येते, फक्त कमी येते. कुठे उणी रक्कम कंसात लिहितात, कुठे दशांश चिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. लांबलचक व्यवहार क्रमांकाचं तर आणखी वेगळं. एक्सेल संख्येचे पंधराच अंक खरे धरते, सोळाव्यापासून पुढे शून्यं मांडते. तो क्रमांक पुढे कधी शोधायची वेळ आली की मग कळतं.

पण माझा खास राग तारखांवर आहे. स्प्रेडशीट महिना आधी, दिवस नंतर अशा पद्धतीवर लावलेली असली, की तीन एप्रिलचा व्यवहार निमूटपणे चार मार्चला जाऊन बसतो. तेरा एप्रिलचा मात्र जात नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती तारीख मजकूर म्हणून तशीच राहते आणि रकान्याच्या डाव्या कडेला चिकटते. म्हणजे जी तारीख विद्रूप दिसते ती खरी आणि जी नेटकी उजवीकडे बसली आहे ती खोटी! हे नुसतं हिशेबनिसांचं दुखणं नाही. २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची लघुनावं बदलल्याचं जाहीर केलं, कारण ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ छापाची ती लघुनावं स्प्रेडशीटमध्ये तारखा होऊन बसत होती. शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरपुढे हात टेकले, तिथे हिशेबनिसाची काय कथा. तारखेचा रकाना आधी मजकूर म्हणून घ्यावा आणि दिवस-महिना-वर्ष स्वतः सांगून तिची तारीख करावी, याला दुसरा उपाय नाही.

तर शिल्लक. भेंड्या खेळताना आधीच्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्याला सुरुवात करावी लागते, तसंच उताऱ्याचं आहे: प्रत्येक ओळ आधीच्या शिल्लकेवरून सुरू होते आणि पुढच्या ओळीला नवी शिल्लक देऊन थांबते. म्हणून शेजारी एक जादा रकाना काढायचा. आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, वजा या ओळीची शिल्लक. उत्तर शून्य यायला हवं. सूत्र खालपर्यंत ओढायचं आणि शून्यांच्या रांगेत शून्य नसलेलं कोण उभं आहे ते बघायचं. उतारा नव्या तारखेकडून जुन्या तारखेकडे उतरत असेल तर अर्थातच सूत्रही उलटं.

मला यातली गंमत वाटते ती अशी की फरक नुसता ‘चूक आहे’ एवढंच सांगत नाही, कसली चूक आहे तेही बऱ्याचदा सांगतो. एकाच ओळीत फरक आला तर त्या ओळीची रक्कम चुकली असावी, किंवा मधली एक ओळ गळाली असावी. गळालेल्या ओळीत जी रक्कम होती तोच तो फरक. लागोपाठ दोन ओळींत सारखाच पण उलट चिन्हाचा फरक आला तर रकमा ठीक आहेत, पहिल्या ओळीची शिल्लकच चुकीची वाचली गेली आहे. नावेची रक्कम जमेत पडली तर फरक बरोबर दुप्पट. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर फरकाला नऊने भाग जातो. ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची, खतावणीवर, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीवर, रात्र काढणाऱ्यांची. आणि फरक पाच, पन्नास किंवा पाचशे असला तर मी सरळ तीन आणि आठच्या मागे लागते. क्वचित शून्याऐवजी दशांशानंतर ढीगभर शून्यं आणि शेवटी एक चिमुकला अंक दिसतो. त्याने घाबरायचं नाही. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकात, ठेवतो आणि त्यात ०.१ नेमका मावत नाही, त्याचा हा गाळ. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केलं की जातो.

फक्त एक पथ्य आहे. शिल्लक उताऱ्यातूनच आलेली हवी, आपण काढलेली नको. सूत्राने काढलेली शिल्लक कायम जुळते आणि म्हणूनच ती कशाचीच साक्ष देत नाही. हल्ली हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवतात, तेव्हा हे पथ्य जास्तच पाळावं लागतं. जुनं सॉफ्टवेअर अडलं की कचरा ओकायचं. तो कचरा आहे हे निदान दिसायचं तरी. नवं अडलं तर पुसट आकड्याच्या जागी शोभेलसा आकडा ठेवून मोकळं होऊ शकतं. शोभेलशा आकड्याइतका हिशेबाचा वैरी दुसरा नाही. तो पकडायला छापील शिल्लकच उपयोगी पडते.

जमा आणि नावे यांवरून मात्र नवख्यांची हमखास दांडी उडते. उतारा हा बँकेच्या वहीचा तुकडा असतो. आपण ठेवलेले पैसे हे बँकेचं आपल्याला असलेलं देणं, म्हणून ती ते जमेला धरते. आपल्या वहीत तेच पैसे आपली मालमत्ता, म्हणून बँकेचं खातं नावे. इटालियन गणिती लुका पाचोलीच्या ज्या ग्रंथात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा) छापली गेली तो १४९४ सालचा, म्हणजे ही अदलाबदल काही काल झालेली नाही. तरी प्रत्येक नवा माणूस एकदा उताऱ्याकडे आणि एकदा वहीकडे बघत राहतोच.

शून्यांची रांग लागली म्हणजे काम संपलं, असं मात्र मी म्हणणार नाही. शिल्लकेला तारखेतलं काही कळत नाही आणि तपशिलातलं तर काहीच नाही. वरच्या ओळीचा तपशील खालच्या ओळीला जाऊन चिकटला तरी शून्य ते शून्यच. तो रकाना माणसालाच वाचावा लागतो, ओळीगणिक, मूळ उतारा शेजारी उघडून. त्यातही बँका तपशील असा मधेच तोडतात की पैसे कुणाला गेले ते अर्ध्या नावावरून ओळखायचं. खर्च कुठल्या खात्याला टाकायचा हे ते अर्धं नाव सांगत नाही, खातेदार सांगतो. मी अशा ओळी पिवळ्या रंगवते, तोवर त्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, ठेवते आणि यादी त्याच्याकडे पाठवते. उत्तर येतं, ‘बघून सांगतो.’