भाचीला दिलेले चार अल्बम

रविवार, रात्री साडेदहा

दुपारी जेवणं उरकल्यावर भाची हेडफोन गळ्यात अडकवून समोर येऊन बसली. "मामा, जुनं इंग्लिश रॉक ऐकायचंय. सुरुवात कुठून करू?" तिला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तोंडपाठ आहे, पण त्याच अल्बममधलं दुसरं एकही गाणं तिनं ऐकलेलं नाही. ऐकून वाईट वाटलं. तिच्या फोनवर गाणी सुटी सुटीच येतात, त्यात तिचा काय दोष?

म्हणून पहिला अल्बम तोच दिला. क्वीनचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्यातलं अकरावं गाणं. आधीची दहा ऐकून तिथवर पोचलं की त्याची चव वेगळीच लागते. मला तर दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सगळ्यात प्रिय आहे, 'द प्रॉफेट्स साँग'. आठ मिनिटांहून मोठं. मध्येच वाद्यं गप्प होतात आणि फ्रेडी मर्क्युरीचा एकट्याचा आवाज उरतो. तो एक ओळ गातो, तीच ओळ टेपवरून जराशा उशिरानं परत येते, तो तिच्यावर पुढची रचतो. घाटात हाक मारली की डोंगर ओ देतो, तसं. डोळे मिटले की एक फ्रेडी डाव्या कानात, एक उजव्या. हे सगळं वादळ शमता शमता, मध्ये जराही न थांबता, पियानोवर 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू होतं. सुटं गाणं ऐकणाऱ्याला हा सांधा कधी भेटतच नाही.

मी हा अल्बम कॅसेटवर ऐकला. गाणं पुढे ढकलायला जावं तर टेप भलतीकडेच थांबायची, म्हणून सगळं ऐकणं व्हायचं. फार बरं झालं.

फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्या मुलांच्या 'द हेक्टिक्स'मध्ये पियानो वाजवायचा, हे सांगितल्यावर आमची सातारकरीण ताठ बसली. "आपल्या पाचगणीत?" हो, आपल्याच. वाईहून पसरणीचा घाट चढताना मला दर वेळी तो आठवतो.

दुसरा फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स', १९७७. पाच जणांत दोन जोड्या, दोन्ही मोडलेल्या, तरी काम एकाच स्टुडिओत. एकानं दुसऱ्यावर लिहिलेल्या गाण्यात दुसऱ्यानंच मागून सूर धरायचा! 'गो युअर ओन वे' ऐकताना हे मनात ठेव म्हटलं. आणि 'साँगबर्ड' रात्री ऐक. रिकाम्या सभागृहात पियानोशी बसून क्रिस्टीन मॅकव्ही गाते, बाकी जवळजवळ काहीच नाही.

तिसरा कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री', १९७१. त्याबद्दल काही बोललो नाही. कधी फार एकटं वाटलं तर लाव, एवढंच.

चौथा पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांनीच संपतो. त्यातल्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टोरी गाते, पण गायला शब्दच नाहीत, नुसता आवाज. एकदा मी हे लावलेलं असताना आई कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला गिटारचा आवाज मुळीच सहन होत नाही. दाराशी उभी राहिली ती गाणं संपेपर्यंत. मग म्हणाली, "कोण रे ही बाई? किती आतून गातेय." त्या दिवसापासून या अल्बमसाठी मला कुणाची परवानगी लागलेली नाही.

बीटल्स मुद्दाम मागे ठेवलेत. ते दिवाळीच्या सुट्टीत, शेजारी बसून ऐकवायचे.

आत्ता झोपण्याआधी तिच्या खोलीत डोकावलो. दिवा बंद, हेडफोन कानात, फोनच्या उजेडात नाव दिसलं, 'लव्ह ऑफ माय लाइफ'. अजून एक गाणं, मग तिचं ते. मला पाहून तिनं बोलू नको म्हणून हात वर केला. मी दार हळूच लोटून घेतलं.