दोन क्लॅम्प, पाच फळ्या

आज अखेर जेवणाच्या टेबलाचा टॉप चिकटवला. सागवानाच्या पाच फळ्या, जोडून रुंदी अडीच फूट, आणि फळ्या आवळून धरायला घरात क्लॅम्प (स्क्रूचे शिकंजे) दोनच. दाब आणायचा कुठून?

शेजारचे सुतारकाका म्हणाले, "पाचर आहे ना!" जाड प्लायवर दोन बाजूंना पट्ट्या स्क्रूने बसवल्या, मध्ये फळ्या ठेवल्या आणि उरलेल्या फटीत पाचरींच्या जोड्या समोरासमोर ठोकल्या. खाली प्लॅस्टिक अंथरलं होतं, नाहीतर टॉप प्लायलाच चिकटला असता. दाबाने फळ्या मधून वर उचलल्या जातात, म्हणून वर एक आडवी पट्टी टाकून तिची टोकं त्या दोन क्लॅम्पनी आवळली.

खरी मेहनत मात्र सकाळची. दोन फळ्या कोरड्याच कडेला कड लावून उजेडासमोर धरायच्या, फट दिसली की पुन्हा रंधा. तिसरी फळी चार वेळा उतरवली. सांधा हातानेच मिटला पाहिजे. ओढून मिटवलेली फट पुढे उघडते, हे काकांचं म्हणणं मला पूर्ण पटलंय.

शेवटची पाचर बसली आणि सांध्यावर फेविकॉलचे बारीक मणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रांगेत उमटले. मी बघतच राहिले. आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.