मे महिन्याचा खर्च

गोव्यातल्या आमच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचे कामही माझ्याकडे आहे. हे काम कोणी हौसेने मागून घेत नाही. एकदा गळ्यात पडले की ते निवृत्तीपर्यंत सुटत नाही. पण उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार जोडलेले बँक खाते या सोपस्कारांतून मुलांच्या घरची जी परिस्थिती कळते, ती वर्गात शिकवून कधीच कळली नसती. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. गरीब घरातल्या विद्यार्थ्याचे शिक्षण फीसाठी अडते हे खरे असेल, पण त्याचे संशोधन अडते ते उन्हाळ्याच्या सुट्टीपाशी.

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची संधी मिळते ती बहुधा एप्रिल-मे महिन्यांत. प्रयोगशाळा रिकाम्या असतात, शिक्षकांना वेळ असतो आणि मोठ्या संस्थाही याच काळात मुलांना कामावर घेतात. नेमके तेच दोन महिने या घरांना कमाईचे असतात. सत्तरी तालुक्यातल्या मुलीला घरच्यांबरोबर काजूची बोंडे गोळा करायला जावे लागते, तर किनाऱ्याकडचा मुलगा सीझन संपेपर्यंत हॉटेलात उभा असतो आणि मग लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे जातो. अशा मुलाला बिनपगारी प्रकल्प देऊ करणे म्हणजे त्याच्याच खिशातून दोन महिन्यांची मजुरी, दोन बसगाड्यांचे भाडे आणि दुपारचे जेवण वसूल करणे होय. तो ‘विचार करून सांगतो’ म्हणतो आणि पुन्हा येत नाही. त्याला आवड नाही, असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. मीही अनेक वर्षे काढला आहे.

योजना नाहीत असे मात्र नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती आहे, तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते आणि दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ योजना मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० विद्यार्थ्याच्या हाती आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. या शिष्यवृत्त्यांत ही एकच योजना अशी आहे, की जिने संशोधनाचा खर्च वेगळा मांडला आहे. पण ती मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, अभियांत्रिकीच्या मुलाला तिथे जागा नाही, आणि ती पाहते बारावीची गुणवत्ता, घरचे उत्पन्न नव्हे. थोडक्यात, ज्या योजनेला गरिबी दिसते तिला संशोधन दिसत नाही, आणि जिला संशोधन दिसते ती गरिबीची चौकशीच करत नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, ती विज्ञान आणि अभियांत्रिकी दोघांनाही खुली असते. मी दर वर्षी मुलांना अर्ज करायला लावते, पण सगळ्या देशातून येणाऱ्या अर्जांत आमच्या मुलांचा निभाव क्वचितच लागतो.

या अडचणीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो अनेक विषय एकत्र येणाऱ्या, म्हणजे आंतरविद्याशाखीय, संशोधनाला. हा शब्द उच्चारायला जड आहे, तेव्हा मी पाहिलेले एक काम सांगते. तीन वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवशास्त्राची एक मुलगी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक मुलगा खाजन शेतीतल्या खारटपणावर काम करू लागले. खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. भरती-ओहोटीचे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी आत-बाहेर सोडायचे, आणि पावसाने मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात करायचे. मुलीला मातीतले जीवाणू पाहायचे होते आणि मुलाने पाण्याची विद्युतवाहकता (मीठ जितके जास्त तितकी ती जास्त) तासातासाला नोंदणारे एक यंत्र स्वस्तातल्या सुट्या भागांतून जुळवले होते. पहिल्या आठवड्याच्या आलेखात रोज दुपारी खारटपणा वर चढत होता. बाष्पीभवनामुळे, असे दोघांनी ठरवून टाकले. वाहकता तापमानाबरोबर दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे उथळ पाणी दुपारी दहा अंशांनी तापले की आकडा पाचव्या हिश्शाने फुगणारच, हे मी सांगितले तेव्हा त्यांचे चेहरे पडले. मग मुलीने हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकले, झाकण लावले आणि उजेडाकडे धरून निळा आणि पांढरा रंग मिळतात ती रेघ वाचली. सकाळी आणि दुपारी ती जवळपास एकाच ठिकाणी होती.

तापमानाचा हिशेब वजा केल्यावरही एक चढ मात्र उरला, तोही भरतीच्या वेळचा. तो कोणालाच सुटेना. सोडवला तो मुलीच्या आजोबांनी. आलेखाशी त्यांना काही कर्तव्य नव्हते; ते मानशीपाशी गेले, खाली वाकून दाराच्या फळीत बोट घातले आणि लाकूड कुजले आहे, पाणी झिरपते आहे, एवढेच बोलले. जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, भौतिकशास्त्र आणि मानशीवर आयुष्य काढलेल्या माणसाचे ज्ञान एका बांधावर एकत्र आले, तेव्हा कुठे एका आलेखाचा अर्थ लागला. अशा कामात चुकायला वेळ लागतो, आणि वेळ हीच गरीब विद्यार्थ्याकडची सर्वांत महाग वस्तू आहे. एकाच विषयाच्या ठरावीक प्रकल्पात काय निघणार हे बरेचसे आधीच ठाऊक असते. दोन विषयांच्या सीमेवर पहिला महिना वायाच जातो.

त्या प्रकल्पासाठी एका योजनेतून मुलीला विद्यावेतन मंजूर झाले होते. मे महिन्याचे पैसे हाती आले पुढच्या एप्रिलमध्ये. मधल्या काळात उपयोगिता प्रमाणपत्र दोनदा मागवले गेले आणि एकदा खात्यावरच्या नावातले एक अक्षर चुकले म्हणून सगळे कागद परत आले. अर्जात ‘विषय’ या रकान्यात एकच शब्द मावत होता आणि त्या मुलाचे नाव तर कुठेच बसत नव्हते, कारण तो दुसऱ्या संस्थेचा. त्याने पूर्ण मे महिना शनिवार-रविवार हॉटेलात काम केले आणि सोमवारी तो डुलक्या घेत बांधावर यायचा.

अमेरिकेत याच प्रश्नावर एक योजना आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची ‘एस-स्टेम’ योजना कमी उत्पन्न गटातल्या हुशार विज्ञान-अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी असून, अलीकडच्या नियमावलीनुसार पदवीच्या विद्यार्थ्याला गरजेप्रमाणे वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत देता येतात. पैसा महाविद्यालयाला अनुदान म्हणून मिळतो आणि त्याबरोबर मार्गदर्शक प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचा एकत्र गट हेही द्यावे लागते. नुसता धनादेश देऊन जबाबदारी संपत नाही. गंमत म्हणजे या योजनेचा पैसा एच-१बी व्हिसाच्या शुल्कातून येतो, आणि ते व्हिसा मिळवणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय असतात. आपल्या अभियंत्यांसाठी तिथल्या कंपन्या जे शुल्क भरतात, त्यावर तिथल्या गरीब मुलांचे शिक्षण होते. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, पण असा विचार आपल्याकडे कोणाला का सुचू नये, असे वाटून जाते.

पण उदाहरणासाठी इतके दूर जायचीही गरज नाही. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आपल्या सांखवाळचे. विद्येसाठी घर सोडून, काशीच्या अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे वडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून ते आले. आजच्या भाषेत ही फेलोशिपच, आणि तिचा अर्ज किती ओळींचा असेल याचा मला हेवा वाटतो. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती. त्यांनी जुन्या नाण्यांची वजने करून, झिजेवरून त्यांच्या चलनाचा काळ संख्याशास्त्राने काढला, आणि १९४४ साली जनुकांमधले अंतर मोजण्याचे जे सूत्र मांडले ते आजही आनुवंशिकीत त्यांच्याच नावाने वापरतात. ‘विषय’ या रकान्यात त्यांनी काय लिहिले असते?

नव्या शैक्षणिक धोरणातल्या चौथ्या, संशोधनाच्या वर्षाबद्दल सध्या बरेच बोलले जाते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असले की ते घेता येते. गुणांची अट माझ्या काही मुली सहज पार करतात, पण आणखी एक वर्ष न कमावता काढण्याची अट त्या नियमात लिहिलेली नाही आणि ती त्यांना पार करता येत नाही. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, जिथे भौतिक, रासायनिक, जैविक आणि भूवैज्ञानिक सागरविज्ञान एका आवारात चालते. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी इतके सोयीचे राज्य दुसरे सापडणे कठीण. त्या आवारापर्यंत जाणाऱ्या बसचे दोन महिन्यांचे भाडे कोणी आगाऊ द्यायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि माझा भर ‘आगाऊ’ या शब्दावर आहे.

गेल्या वर्षापासून आम्ही पाच शिक्षकांनी एक लहानसा निधी केला आहे. एक मेला विद्यार्थ्याला उचल द्यायची, आणि त्याचे मंजूर पैसे जेव्हा येतील तेव्हा त्याने ती परत करायची. काहीच मंजूर झाले नाही तर विषय तिथेच सोडायचा. व्याज नाही, दाखला नाही, शंभर पानी वहीत एक सही. खाजनवाल्या मुलीने एप्रिलमध्ये पैसे आल्यावर पहिल्यांदा मला फोन केला आणि विचारले, ‘मॅडम, यातले अर्धे त्या मुलाला देता येतील का?’ नियमात ते बसत नाही. कसे दिले ते मी इथे लिहीत नाही.

या मे महिन्यासाठी वहीत दोन नावे आहेत, एक रसायनशास्त्राचे आणि एक स्थापत्य अभियांत्रिकीचे. लाल चिऱ्याच्या खाणींत साचणाऱ्या पाण्याचे काय करता येईल, हे त्यांना पाहायचे आहे. बादल्या आणि दोरी त्यांनी घरून आणली आहे.