म्हशीच्या डोळ्यातून: क्षितिज अखेर आडवं झालं

म्हशीच्या नजरेतून दाखवायच्या फिल्ममधल्या चरतानाच्या शॉटचं कोडं सुटलं. गुरांचे डोळे बाजूला असतात, दोन्ही मिळून सुमारे ३३०° दिसतं, म्हणून कॅमेरा कपाळावरून हलवून बाहेर तोंड करून लावला होता. पण म्हशीनं मान खाली घातली की चौकट कलंडायची आणि खानापूरचा माळ भिंतीसारखा उभा राहायचा.

उत्तर डोळ्यातच आहे. मेंढी, घोडा चरायला वाकले की बुबुळ खोबणीत ५० अंश किंवा जास्त फिरतं आणि आडवी बाहुली जमिनीला समांतर राहते. म्हणजे होरायझन लॉक (कॅमेरा कलंडला तरी चित्रात क्षितिज आडवं ठेवणं) ही लबाडी नव्हे, डोळ्याचंच काम आहे.

कॅमेऱ्यातलं लॉक काही मोडमध्ये ठराविक कोनापुढे सुटतं, चौकट उडी मारते. म्हणून आतलं स्टॅबिलायझेशन बंद, जायरोचा (कॅमेरा किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा चालू, बाकी सगळं नंतर संगणकावर, त्या डेटावरून चित्र स्थिर करणाऱ्या जायरोफ्लो या सॉफ्टवेअरमध्ये. फुकट आहे आणि याहून चांगलं हत्यार नाही. ८:७ या जवळजवळ चौरस चौकटीतच चित्रित करा: ५३१२×४६४८ ची चौकट कशीही फिरली तरी ४६४८ व्यासाचं वर्तुळ शाबूत राहतं, त्यात १६:९ ची सुमारे ४०५० पिक्सेल रुंदी बसते. हादऱ्यांना वाव हवा, म्हणून शेवटची प्रत २केच (सुमारे २००० पिक्सेल रुंद). शटर १/५० ठेवलं तर हादरा जातो, पण त्याचा फराटा चित्रात उरतो. १/२४० पेक्षा संथ शटर ठेवू नका.

म्होरकीला कॅमेरा अडकवू नका. हनुवटीखालचा पट्टा रवंथाबरोबर हलतो, सेकंदाला साधारण एक झटका. शिंगांच्या बुडाशी २५ मिमी सुती नवार, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन बोटं जातील इतकी सैल. पंढरपुरी म्हशीची शिंगं मागे जातात, त्यामुळे कानापुढे जागा मिळते. तयार हार्नेस कुत्र्याच्या मापाचे, पैसे वाया.

रंग झकास जमला. गुरांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून चॅनेल मिक्सरमध्ये (एडिटिंगमधलं लाल-हिरवा-निळा एकमेकांत मिसळायचं साधन) लाल आणि हिरव्या दोन्ही आउटपुटला ०.५ लाल, ०.५ हिरवा, निळा तसाच. तांबडी माती आणि गवत एकाच पिवळट छटेत विरघळतात, आणि निळा नायलॉनचा कासरा असा उठून दिसतो की नजर त्याच्यावरच जाते. दाव्याचा प्रसंग आता त्यावरच बेतायचा.

गोठ्यात १/२४० ला फार ग्रेन येतो. तिथं कॅमेरा डोक्यावर नकोच: बसलेल्या म्हशीच्या डोळ्याच्या उंचीला स्टँड, आणि रवंथ फक्त आवाजातून, गळ्याच्या दाव्याला पिझो माइक (हवेतला आवाज नव्हे, स्पर्शातली कंपनं टिपणारा) बांधून. लिहिता लिहिता सुचलं, गुरांना नाकासमोर अगदी जवळचं दिसत नाही, तो आंधळा पट्टाही वापरता येईल: डावा आणि उजवा कॅमेरा एकाच पडद्यावर, मध्ये काळी पट्टी. दुसरा कॅमेरा भाड्यानं मिळाला की आधी हेच.